लाल दोरी कुणाच्या पायाला?



दर वेळी या पानावर आपण हिशोबाच्या वह्या, कर्जफेड, नाही तर विमा यावर बोलतो. या वेळी एका दोरीवर बोलायचं आहे. लाल रंगाची, जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळी असलेली, ताणली की साधारण चार-पाच फूट होणारी दोरी. बोटीच्या मागं टांगायचं जे पेट्रोलचं इंजिन मिळतं, त्याच्यासोबत ती येते. तुमच्यातल्या पुष्कळ जणी इंजिनाच्या बोटीत कधी बसल्याही नसतील. तरी वाचा, कारण ही गोष्ट शेवटी आपल्या मळणीयंत्रापर्यंत येणार आहे.

मागच्या महिन्यात धरणकाठच्या एका ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. तिथल्या एका समूहानं मासेमारीसाठी इंजिनाची बोट घ्यायचं ठरवलंय. आजवर त्यांचं काम वल्ह्याच्या होडीवर आणि थर्माकोलच्या तराफ्यावर चालायचं. पहाटे जाळी काढायला पाण्यात एवढं लांब जायचं, वारा उलटा असला की वल्हं मारून दंड भरून यायचे. इंजिन आलं तर वेळ वाचेल, मासा ताजा बाजारात जाईल, हा त्यांचा हिशोब बरोबर आहे. कोटेशन आलेलं होतं. इंजिन, पंखा, पेट्रोलची टाकी, पाइप, दोन लाइफ जॅकेट. सोबत दुकानदारानं दिलेलं रंगीत माहितीपत्रक होतं, ते हातोहात फिरत होतं.

त्यातल्या फोटोवर बोट ठेवून एका मावशीनं विचारलं, "म्याडम, ही लाल दोरी कशाची ओ?"

मला माहीत नव्हतं. मी गप्प बसले. उत्तर एका ताईच्या मुलानं दिलं. तो दुसरीकडं बोट चालवून आलेला. म्हणाला, "ते काही नाही मावशी. ती चाप लावल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही, म्हणून दिलेली असती. आम्ही तर हँडललाच गाठ मारून ठेवायचो. पायात येत नाही मग."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

घरी येताना मात्र मला दोन वर्षांपूर्वीचा एक प्रवास आठवला. पिंजऱ्यातलं मत्स्यपालन बघायला आम्ही काही जणी एका जलाशयावर गेलो होतो. पिंजरे पाण्याच्या मध्यावर. बोटीत आम्ही आठ जणी आणि चालवणारा दादा. दादा मागं उभा, एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात मोबाईल. लाल दोरी हँडलला गुंडाळलेली, मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेली. मला पोहता येत नाही. लाटेनं बोट उचलली की मी शेजारच्या ताईचा दंड धरायचे. पण "दादा, खाली बसा" एवढं काही माझ्या तोंडातून निघालं नाही. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला प्रश्न विचारायला शिकवलं होतं, आणि पाण्यावर गेल्यावर मी पाहुणीसारखी बसून राहिले.

मग मी या दोरीची माहिती काढली. इंजिनाची माहितीपुस्तिका वाचली, दोन मिस्त्रींना विचारलं. त्या मुलानं सांगितलं ते अर्धं खरं आहे. चाप लावल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, हे खरं. पण का होत नाही, ते त्यानं सांगितलं नाही. बहुधा त्यालाही कुणी सांगितलं नसावं.

बैलगाडीचा विचार करा. गाडीवान पेंगला, अगदी खाली पडला, तरी बैल फार लांब जात नाहीत. उभे राहतात, नाही तर सवयीच्या वाटेनं घरी येतात. बैलाला कळतं की मागं माणूस नाही. इंजिनाला ते कळत नाही. हँडलवरचा हात सुटला, माणूस पाण्यात गेला, तरी दिलेली रेस तशीच राहते आणि इंजिन त्याच जोरात चालत राहतं. माणूस जागेवर आहे की नाही, हे इंजिनाला कळवायचं साधन म्हणजे ही दोरी. तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या अंगाला, दुसरं टोक इंजिनावरच्या लाल बटणाखाली. माणूस जागेवरून फेकला गेला की दोरी ताणते, चाप निसटतो, इंजिन बंद. बटणाला किल स्विच म्हणतात. दुकानात हाच शब्द वापरा, लगेच कळतं.

बंद झालं नाही तर काय होतं, हे मला आधी नीट समजलं नव्हतं. मला वाटायचं, बोट सरळ निघून जाईल, कुठं तरी काठाला लागेल. तसं सहसा होत नाही. पाण्यात फिरणारा पंखा इंजिनाला एका बाजूला ढकलत असतो. हँडलवर हात असतो तोवर आपण तो जोर नकळत पेलत असतो. हात सुटला की इंजिन एका अंगाला वळतं आणि बोट गोल फिरायला लागते. म्हणजे ज्या ठिकाणी माणूस पडला, त्याच ठिकाणी ती फिरून येते. पुन्हा येते, पुन्हा येते. बोट ताशी 15 किलोमीटरनं चालली असेल तर सेकंदाला चार मीटरच्या वर अंतर तोडते. साडी नेसलेली बाई, पाण्यानं जड झालेले कपडे, तिनं किती हात मारायचे? आणि खाली पंखा. समजा तो मिनिटाला 1500 फेरे घेतोय आणि त्याला तीन पाती आहेत. गुणाकार करून बघा, एका सेकंदात 75 वार होतात.

हे घडलेलं आहे. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल भागात समुद्रकाठी पॅडस्टो नावाचं गाव आहे. तिथं 5 मे 2013 रोजी एक कुटुंब आपल्या वेगवान बोटीतून फिरत होतं. आई, वडील, चार लेकरं. एका जोराच्या वळणावर सहाच्या सहा जण पाण्यात फेकले गेले. बोटीत दोरी होती. पण त्या क्षणी ती कुणाच्याच अंगाला बांधलेली नव्हती. रिकामी बोट चालूच राहिली आणि गोल फिरत त्यांच्याच अंगावर आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. आईला एक पाय गमवावा लागला, एका लेकराला मोठी इजा झाली. शेवटी दुसऱ्या बोटीतून आलेल्या एका माणसानं त्या चालत्या बोटीत उडी घेऊन इंजिन बंद केलं. पुढं सरकारी तपास झाला, त्यातही मुख्य मुद्दा हाच निघाला, की दोरी बांधलेली असती तर बोट तिथंच थांबली असती.

अशाच अपघातांमुळं अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून कायदा झाला. 26 फुटांपेक्षा लहान मोटारबोट वेगात चालवायची असेल तर चालवणाऱ्यानं ही दोरी, किंवा तेच काम करणारं दुसरं साधन, अंगाला लावलंच पाहिजे. आपल्याकडं 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिनावर चालणाऱ्या बोटींची तपासणी आणि नोंदणी सांगितलेली आहे. पण हँडलला मारलेली गाठ सोडवायला कुठला तपासनीस रोज पहाटे धरणावर येणार? ते काम बोटीत बसणाऱ्यांचंच आहे.

आता आतून ती कशी चालते, ते थोडक्यात. पेट्रोलचं इंजिन ठिणगीवर चालतं. मोटारसायकलच्या प्लगला जशी ठिणगी लागते, तशीच. किल स्विचचा चाप निघाला की बहुतेक इंजिनांत ती वीज प्लगकडं न जाता इंजिनाच्या सांगाड्यात उतरते. ठिणगी नाही, तर पेट्रोल पेटत नाही, इंजिन थांबतं. मोटारसायकलच्या उजव्या मुठीजवळ लाल बटण असतं ना, त्याचाच हा भाऊ. फरक एवढाच की मोटारसायकलचं बटण हातानं दाबावं लागतं. बोटीचं बटण तुम्ही पडलात तरी, बेशुद्ध असलात तरी काम करतं.

इथं एक अडचण आहे, ती नीट समजून घ्या. आपल्या भागात काही ठिकाणी विहिरीवरचं डिझेल इंजिन काढून बोटीला बसवतात. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. ते बंद करायचं तर डिझेलच तोडावं लागतं. तुम्ही विहिरीवर दांडी ओढून इंजिन बंद करता, ते हेच. त्यामुळं बाजारातून लाल दोरी आणून डिझेल इंजिनाला नुसती टांगली, तर ती शोभेची राहते. डिझेल तोडणारी वेगळी व्यवस्था जाणकार मिस्त्रीकडून बसवून घ्यावी लागते. कुणी म्हणेल, दांडीलाच सुतळी बांधू. मला ते पटत नाही. सुतळी तिरकी ओढली गेली तर दांडी अर्ध्यावर अडकते, आणि आपण मात्र सोय केली म्हणून निश्चिंत राहतो.

दोरी बांधायची कुठं, यावर आमच्या बैठकीत नंतर चांगला अर्धा तास वाद झाला. माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं की अंगावरच्या घट्ट कपड्याला, हाताला किंवा पायाला लावा. फाटेल अशा कपड्याला लावू नका. आता हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं साडी नव्हती. पदराला दोरी अडकवली आणि बाई पडली, तर पदर सुटून येईल आणि चाप जागेवरच राहील. बांगडीला अडकवली तर बांगडी फुटेल. मंगळसूत्राजवळ तर दोरी नेऊच नका. मनगटाला लावता येते, पण हँडल फिरवताना ती मध्ये येते, गुंतते, मग माणूस वैतागून काढून ठेवतो. मला सगळ्यात बरा वाटला तो मांडीला वेढा देऊन हुकानं स्वतःतच अडकवायचा प्रकार, गुडघ्याच्या थोडं वर. साडीवरून वेढा दिला तर तो घसरतो, म्हणून बोट चालवणारीनं त्या वेळेपुरता सलवार किंवा पँट घालावी. नाही तर लाइफ जॅकेटच्या पक्क्या पट्ट्याला हूक लावावा, म्हणजे जॅकेटही आपोआप अंगावर राहतं. एका ताईनं विचारलं, "म्हणजे जॅकेट घातल्याशिवाय बोट चालूच होणार नाही?" तेच तर हवंय.

दोरी मध्ये कुठं अडकता कामा नये. वल्ह्यात, टाकीच्या कडीत, जाळीच्या ढिगात ती गुंतली तर माणूस पडल्यावर ओढ चापापर्यंत पोचतच नाही. उलट, ती इतकी आखूडही नको की वाकून पाणी उपसलं तरी इंजिन बंद पडावं. भर वेगात इंजिन एकदम बंद पडलं तर बोटीचं नाक खाली बसतं, पुढं बसलेली माणसं आदळतात, आणि बोट वळवायचा ताबाही जातो. म्हणून गंमत म्हणून कुणी दोरी ओढून बघू नये. लेकरांना हे आधीच सांगा, त्यांना ते लाल बटण खेळण्यासारखं दिसतं.

ओढून बघायचं ते काठावर. रोज निघण्याआधी, बोट बांधलेली असताना, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करा आणि दोरी ओढा. त्याच क्षणी बंद पडलं पाहिजे. चाप काढलेला असताना इंजिन चालू करून बघा, चालू होता कामा नये. झालं तर स्विच बिघडलेला आहे, त्या दिवशी बोट काढायची नाही. याला एक मिनिटसुद्धा लागत नाही. उन्हापावसात राहून चाप ठिसूळ होतो, दोरीच्या आतली तार तुटते, हूक गंजतो. वरून दोरी लालचटक दिसते आणि आतून गेलेली असते. म्हणून ओढूनच बघायची.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट, जी कुठल्याच दुकानदारानं आपणहून सांगितली नाही. चालवणारा दादा दोरी बांधून बसला होता. तो पडला. इंजिन बंद झालं, चांगलं झालं. पण चाप त्याच्याबरोबर पाण्यात गेला. आता बोटीत आपण चार जणी, बोट वाऱ्यावर वाहत चाललेली, दादा मागं हात हलवतोय, आणि चाप नसल्यानं इंजिन चालू होत नाही. काय करायचं? म्हणून बोटीत दुसरी दोरी चापासहित ठेवायलाच हवी. तीही चालवणाऱ्याच्या खिशात नको, बोटीतल्या दुसऱ्या कुणाकडं तरी हवी. प्रत्येक कंपनीच्या चापाचा आकार वेगळा असतो, त्यामुळं आपल्याच इंजिनाचा घ्यायचा. आणि ज्या बाईकडं ती दोरी आहे तिला चाप बसवणं, गिअर न्यूट्रलला आणणं, इंजिन चालू करणं आणि हळू चालवणं, एवढं आलं पाहिजे. नवऱ्याला येतं, मुलाला येतं, हे उत्तर चालत नाही, कारण पाण्यात पडलेला तोच असणार.

सोबत एक लांब दोर आणि वल्ही असावीतच. इंजिन आलं म्हणून वल्ही घरी ठेवली, असं मी ऐकलंय.

चालवणारा न पडता दुसरंच कुणी पडलं तर? दोरी तिच्या अंगाला नाही, इंजिन आपोआप थांबणार नाही. पंख्याचं टोक पडलेल्या माणसापासून दूर जाईल अशी बोट वळवायची, मग हळू जवळ यायचं आणि माणूस हाताशी येण्याआधी इंजिन पूर्ण बंद करायचं. नुसतं न्यूट्रल पुरेसं नाही. गडबडीत कुणाचा धक्का हँडलला लागला तर गिअर पडतो. इंजिन बंद असल्याशिवाय कुणाला बोटीवर चढवायचं नाही. आणि पडलेल्या माणसाकडं बोट मागं मागं न्यायची तर नाहीच, कारण मागं पंखा आहे.

जाळी आणि जलपर्णी हा आपल्याकडचा रोजचा त्रास. सिद्धेश्वर असो, इसापूर असो की पलीकडचं येलदरी, पंख्यात काहीतरी गुंतणारच. मग चालवणारा इंजिन बंद करतो, वाकतो, हात घालून जाळी ओढतो. तेवढ्यात पुढं बसलेल्या कुणाला वाटतं आपण चालू करून बघावं. म्हणून पंख्याला हात लावण्याआधी चाप काढून स्वतःच्या खिशात घालायचा. लाइनवर काम करणारा वायरमन फ्यूज काढून खिशात ठेवतो, तसं. चाप खिशात असला की कुणी कितीही दोऱ्या ओढल्या तरी इंजिन चालू होत नाही. फक्त अशा वेळी ती दुसरी दोरी कुणाकडं आहे, ते आधी बघायचं.

एवढं वाचून कुणाला वाटेल, दोरी बांधली की पाण्याचं भय गेलं. तसं नाही. 21 मे 2024 ला उजनी धरणात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहून काठाला आला, सहा गेले. त्यात लहान लेकरंही होती. तिथं ही दोरी काहीच करू शकली नसती. तिथं कामाला आलं असतं ते लाइफ जॅकेट, आणि आभाळ बघून न निघण्याचा निर्णय. उन्हाळ्याच्या शेवटी दुपारनंतर वारं कसं उठतं, ते धरणकाठच्या बायांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. दोरी एकाच संकटासाठी आहे, माणूस जागेवर नसताना इंजिन चालू राहण्याच्या. बाकीच्यांसाठी बाकीचं सगळं लागतंच.

जॅकेटचं सांगते. कोटेशनमध्ये दोन होती. बोटीत बसणार पाच-सहा. मी विचारलं तर उत्तर आलं, "ज्याला पोहता येत नाही ते घालतील." मग मी बैठकीत हात वर करायला लावले, पोहता कुणाला येतं? एकवीस जणींत तीन हात.

मळणीयंत्राकडं येते. बोटीची दोरी ज्या विचारातून निघाली, तो विचार जुना आहे. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनच्या हातात एक हँडल असतं, डेडमॅन हँडल म्हणतात. गाडी चालू असताना ते दाबून धरावं लागतं. मोटरमनला चक्कर आली, हात सुटला, की ब्रेक लागतात. हजारो माणसं त्या एका हाताच्या भरवशावर नसतात, हात सुटला तर काय, याची सोय आधीच केलेली असते.

आपल्या शिवारात ही सोय कुठं आहे? सोयाबीन काढताना, हरभरा काढताना यंत्राच्या तोंडाशी बायाच असतात. पेंढ्या लोटणारी बाई, खाली भुसा ओढणारी बाई. यंत्र ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावर चालतं, आणि ट्रॅक्टरवाला यंत्र चालू करून बांधावर तंबाखू मळत उभा असतो. पदर ओढला गेला, हात ओढला गेला, तर बंद करायचा नॉब ट्रॅक्टरच्या सीटजवळ आहे. तिथवर पोचणार कोण? यंत्राच्या तोंडाशी असलेल्या बाईला बहुतेक वेळा तो नॉब कुठला, हेसुद्धा दाखवलेलं नसतं. हळद पॉलिश करायचा ड्रम, डाळमिल, गिरणी, सगळीकडं हेच. विजेच्या मोटारीवरच्या यंत्राला सोय करणं अवघड नाही. वायरमनला सांगून स्टार्टरच्या बंद बटणाच्या जोडीनं दुसरं मोठं लाल बटण काम करणारीच्या हाताशी बसवून घेता येतं. आपल्या काही समूहांची अवजार बँक आहे, गिरण्या आहेत. तिथं हे बटण आहे का, ते मी येत्या भेटीत बघणार आहे. ट्रॅक्टरवरच्या यंत्राला तोवर एकच नियम, बाई तोंडाशी असेपर्यंत ट्रॅक्टरवाल्यानं नॉबच्या हाताच्या अंतरावरून हलायचं नाही.

4 एप्रिल 2025 ची सकाळ आपण कुणीच विसरलेलो नाही. वसमत तालुक्यातल्या गुंजच्या बाया शेतकामाला निघाल्या होत्या, आणि नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणी गेल्या. त्या अपघाताचा आणि या लाल दोरीचा थेट संबंध नाही, आणि मी तो जोडतही नाही. पण तेव्हापासून ट्रॉलीत, बोटीत, यंत्रापुढं बाया बघितल्या की मला एकच दिसतं. इंजिन एकाच्या हातात असतं आणि जीव बाकीच्यांचा असतो. बाकीच्यांना कुणी काही सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही. का विचारत नाही? मजुरी जाईल म्हणून. "लई शहाणी झाली" म्हणतील म्हणून. तो भावकीतला आहे म्हणून. मी तर पगारी नोकरीवर होते, माझी मजुरी जाणार नव्हती, तरी मी त्या दिवशी बोटीत विचारलं नाही.

त्यामुळं विचारायचं कसं, याचाही आम्ही बैठकीत सराव केला. सुरुवातीला सगळ्या हसल्या. एक मावशी बोटवाला झाल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या. दुसरी म्हणाली, "दादा, दोरी बांधा की." मावशी म्हणाल्या, "रोज चालवतोय मी, मला शिकवती का?" मग सगळ्या गप्प. आता काय बोलायचं? शेवटी एका तरुण सुनेनं तोडगा काढला. ती म्हणाली, "दादा, तुम्ही पडलात तर बोट आम्हाला वळवता येत नाही. तुमच्यासाठी नाही, आमच्यासाठी बांधा." हे वाक्य मला आवडलं. यात त्याच्या हुशारीवर बोट नाही आणि तरी जागा सोडलेली नाही. दुसरा मार्ग समूहाच्या मालकीच्या बोटीसाठी आहे, तो सोपा आहे. ठराव करायचा. दोरी अंगाला नसेल तर चालवणाऱ्याला त्या दिवशीचा रोज मिळणार नाही, असं प्रोसिडिंगमध्ये लिहायचं. बोट समूहाची, कर्ज समूहाचं, मग नियमही समूहाचाच.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना 60 टक्के अनुदान आहे, म्हणून येत्या काळात आणखी समूह या धंद्यात उतरतील. ज्या समूहांचा विचार चालू आहे त्यांनी कोटेशन घेतानाच इंजिनाची माहितीपुस्तिका मागून घ्या. ती मराठीत नसली तर माझ्याकडं द्या, आपण बसून वाचू. इंजिन जुनं घेत असाल तर दोरी आणि स्विच दोन्ही चालू आहेत का, ते पैसे देण्याआधी दुकानदारासमोर ओढून बघा. जुन्या इंजिनाला बऱ्याचदा स्विचच्या वायरी काढून टाकलेल्या असतात, म्हणजे चाप नसला तरी ते चालू होतं. असं इंजिन स्वस्त मिळतं.

त्या ग्रामसंघानं कोटेशन परत पाठवलंय. नव्या कोटेशनमध्ये सहा जॅकेट आणि जादा दोरी लिहायला सांगितलीय. ज्या मुलानं हँडलला गाठ मारायचं सांगितलं होतं, तोच बोट चालवणार आहे, आणि त्याच्याकडून बोट शिकायला तीन जणींनी नावं दिलीत. त्यातली एक ती पहिली प्रश्न विचारणारी मावशी. दुसरी दोरी कुणाकडं ठेवायची, यावर अजून एकमत नाही. कोषाध्यक्ष ताई म्हणतात, कपाटाच्या किल्ल्यांसोबत माझ्याकडं ठेवा. मावशी म्हणतात, तुम्ही कुठं पाण्यावर येता?